येळवशीपुरतं छत

सरकारनं किशनरावाची जमीन घेतली आणि पुढं दोन वर्षांनी त्याला नाव दिली. कुणाला सांगितलं तर हसू येतं, पण घडलं ते असंच. धरणाची भिंत उभी राहिली, पाणी तुंबलं आणि अहमदपूर तालुक्याच्या टोकाला असलेलं त्याचं आठ एकर काळं रान विहिरीसकट तळ्याखाली गेलं. मोबदला आला तसा गेला. दोन लेकी उजवल्या, घरावर पत्रे पडले आणि नावामागं ‘धरणग्रस्त’ हा शब्द तेवढा उरला.

मग लातूर नवा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला नव्या सुनेसारखी कामाची हौस असते. कुठल्याशा कचेरीत कुणाच्या तरी डोक्यात आलं, की धरणग्रस्तांना मासेमारी शिकवावी. त्यांनी चांगली दर्यावर चालणारी नाव ट्रकमध्ये घालून घाट चढवून आणली. पांढरीशुभ्र, फायबरची, मागं इंजिन आणि मधोमध कमरेएवढा ओटा. त्या ओट्यावर जीपसारखं चाक. माणसानं मधे उभं राहून ती चालवायची. नाव ताब्यात देताना साहेबांनी विचारलं, “पोहता येतं का?” किशनराव म्हणाला, “विहिरीत येतं, साहेब.” साहेबांना तेवढं पुरलं.

पन्नाशीला टेकलेला कुणबी मासे धरायला शिकला. भोयांच्या माणसांनी दोन पावसाळे त्याला जाळं फेकायला शिकवलं आणि दोन्ही पावसाळे पोट धरून हसले. घरात तिसरं माणूस नव्हतं, म्हणून बायको चतुराबाई नावेत असायची. तो जाळं फेकायचा, ती चाक धरायची. एवढ्या मोठ्या तळ्यात एकच जागा अशी होती, की तिथं आल्यावर ती चाकावरचा हात सैल सोडायची आणि म्हणायची, “हळू जाऊ द्या. खाली इहीर हाय आपली.” मग तोही जाळं आवरून घ्यायचा.

तळ्यावरचं ऊन दोन्हीकडून भाजतं, वरून सूर्याचं आणि खालून पाण्याचं. दुसऱ्या पावसाळ्यानंतरची होळी झाल्यावर चतुराबाईला चाकावरच भोवळ आली. किशनरावानं तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि मनाशी ठरवलं, नावेवर छत करायचंच.

“छत कशाला?” चतुराबाई म्हणाली. “चार कामट्या वाकवा, वर तट्ट्या टाका. गाडीला करत होताव तसं. फुकटात होतंय.”

तिचं म्हणणं शहाणपणाचं होतं. पण किशनरावाच्या मनात दुसरंच काही होतं आणि ते त्यानं तिला सांगितलं नाही. नवऱ्यांना ही खोड असते. मनातली चांगली गोष्टसुद्धा चोरीचा माल असल्यासारखी दडवून ठेवतात.

त्याच्या मनात येळवस होती. मार्गशीर्षातल्या त्या अवसेला या भागात घरात चूल पेटत नाही, गावं ओस पडतात, माणसं रानात जातात. रानात कडब्याची कोप उभी राहते. आत पाच दगड चुना लावून मांडायचे, ते पांडव. घरधनिणीनं आंबिलीची बिंदगी, म्हणजे मातीचा माठ, डोक्यावरून कोपीत आणायची, भज्जी, उंडे, आंबील यांचा निवद दाखवायचा, आणि घरधन्यानं तीच बिंदगी घेऊन, हाळी देत, शिंपडत कोपीभोवती फिरायचं. ज्याला रान आहे त्याची येळवस; ज्याला नाही त्यानं ज्याला आहे त्याच्याकडं जेवायला जायचं. रान बुडाल्यापासून किशनराव आणि चतुराबाई त्या दिवशी दार लावून घरात बसत होते. बोलावणी पुष्कळ यायची. चतुराबाई आतूनच सांगायची, “अंगात कसकस हाय.” दरवर्षी त्याच दिवशी कसकस.

तर किशनरावाचा बेत असा होता, की रान पाण्याखाली असलं म्हणून काय झालं, त्याच्यावर नाव तर उभी करता येते. नावेवरच्या छताला कडबा बांधायचा, ओट्यापाशी पांडव मांडायचे आणि नावेतल्या नावेत फेरी घालायची. आपल्याच रानाच्या वर, आपल्याच विहिरीच्या डोक्यावर. मासे धरणाऱ्या कुणालाही असलं छत सुचलं नसतं. हे कुणब्याचंच डोकं.

अहमदपुरात बाजार समितीच्या मागं गुरुपादप्पाचं वेल्डिंगचं दुकान होतं. खिडक्या, फाटकं आणि जीपचे टप यांत त्याचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि माशाचं नाव काढलं तरी थुंकणारा माणूस.

“मासे मारायचं पाप तुमचं,” तो म्हणाला, “टप करायचं काम माझं. पण नाव म्या जन्मात पायली न्हाई. चित्र काढून दाखवा.”

किशनरावानं खडूनं फरशीवर नाव काढली. गुरुपादप्पा तिच्याभोवती फिरला, जणू ती आत्ताच पाण्यातून वर आली होती. मग तो बोटांवर मोजायला लागला.

“एक म्हंजे तट्ट्याचा टप. सस्ता, पर बुटका. आत बसावं लागतंय, जाळं फेकता येणार न्हाई. दुसरं, चार कोपऱ्याला चार खांब, मांडवासारखं. मजबूत. पर खांब काठाला येत्यात. जाळं अडकंल, आन काठानं फिरता बी येणार न्हाई.”

“तिसरं सांगा.”

“तिसरं, ह्यो मधला ओटा हाय ना, त्याच्या चार अंगाला चार पाइप चढवायचे आन वर फाकवायचे. खाली आकसलेलं, वर पसरलेलं. चारी बाजू मोकळ्या.”

“भोवतीनं फिरता येतंय?”

“फिरता? नावेत फिरायला काय बाग हाय का?”

“येतंय का न्हाई तेवढं सांगा.”

“येतंय की. पर किशनराव, आधीच सांगतो, पत्रा टाकू नका.” गुरुपादप्पानं कोपऱ्यातली रिकामी घागर उचलून पाण्याच्या टाकीत सोडली. ती तरंगली. मग तिच्या तोंडावर त्यानं विटेचा तुकडा ठेवला, तशी घागर कलंडून बुडाली. “वर वजन गेलं की असं होतंय. अकलेचं बी तसंच असतंय. ताडपत्री टाका.”

तिसरंच ठरलं. राहिली उंची. किशनराव बराच वेळ घुटमळला आणि मग बाहेर चिंचेखाली बसलेल्या चतुराबाईला त्यानं आत बोलावलं. दुकानातला मातीचा माठ तिच्या हातात दिला.

“डोक्यावर घे.”

“अगं माय! कामून?”

“घे म्हणतो ना.”

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती टकामका बघायला लागली. चतुराबाईनं पदर सारखा केला, चुंबळ नव्हती म्हणून हातानंच माठ सावरला आणि डोक्यावर घेऊन ती उभी राहिली. किशनराव गुरुपादप्पाला म्हणाला, “ह्याच्यावर चार बोटं. इतकं उंच पायजे.”

चतुराबाईच्या ध्यानात आलं ते त्या क्षणाला. डोक्यावर बिंदगी घेऊन कोपीत शिरायची उंची होती ती. माठ खाली ठेवताना लोकांदेखत ती लाजली, लग्नातल्यासारखी. परतीच्या एसटीत मात्र तिनं त्याला पिशवीतले फुटाणे दिले आणि म्हणाली, “येडे हाव तुमी.” गेल्या चार वर्षांत ती एवढं गोड बोलली नव्हती.

पाइप, वेल्डिंग, ताडपत्री एवढं किशनरावाच्या आवाक्यातलं नव्हतं. गुरुपादप्पानंच तोड सुचवली. नव्या जिल्ह्यात मच्छीमारांच्या नावांना छतासाठी मदत मिळते म्हणे. लातूरला जा, फारम भरा. किशनराव लातूरला गेला. कचेरी भाड्याच्या इमारतीत होती, निम्म्या फाइली अजून उस्मानाबादेहून यायच्या होत्या आणि निम्मे कारकून यायचे होते. जो होता तो भला माणूस होता. त्यानं फारम स्वतः भरला, भराभरा वाचून दाखवला आणि जिथं फुली केली तिथं सही करायला सांगितली. त्यात एक ओळ होती. अर्जदार पूर्णवेळ मच्छीमार असून त्याची उपजीविका केवळ मासेमारीवर आहे, शेतीशी त्याचा संबंध नाही.

किशनरावाचा हात तिथं क्षणभर थांबला. शेतीशी संबंध नाही, हे वाक्य त्याला शिवीसारखं लागलं. पण खोटं तरी काय होतं त्यात? रान तर वीस हात पाण्याखाली. त्यानं सही केली. ठळक, वळणदार, शाळेत घटवलेली सही.

वैशाखात छत बसलं. दिसायला ते झक्क होतं. भोयांची पोरं त्याला ‘किशनरावाची छत्री’ म्हणायला लागली आणि किशनरावाला त्याचा राग येईना. चतुराबाई सावलीत उभी राहून चाक धरू लागली. दोघं मिळून अवसेचे महिने मोजायला लागली.

पण पाऊस आलाच नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या, श्रावणात धूळ उडाली. तळं भरायचं सोडून आटायला लागलं. पोळ्याला काठ एवढा मागं सरला, की नाव रोज ढकलून पाण्यात न्यावी लागायची. मासे उथळ पाण्यात तडफडायचे, बगळ्यांची चंगळ झाली. दसऱ्यापर्यंत सगळं तळं मधल्या खड्ड्यात जाऊन बसलं आणि नाव चिखलात रुतली ती रुतलीच. दहा माणसांनी जोर लावला तरी हलेना. वर ते ऐटबाज छत.

आणि मग एका सकाळी चतुराबाई धावत घरी आली. धावत, म्हणजे खरोखरच. तिच्या वयाची बाई अशी धावत नाही.

“चला! उठा! आपली इहीर उघडी पडलीया!”

दोघं चिखल तुडवत गेली. विहिरीचं कडं वर आलं होतं. बांध दिसत होता. बाभळीची काळी खोडं उभी होती. चार वर्षांचा गाळ बसलेलं रान लोण्यासारखं झालं होतं. चतुराबाईनं ओंजळभर माती उचलून नाकाला लावली. गावात दुष्काळानं लोक रडत होते, जनावरं चाऱ्याविना हंबरत होती आणि ही दोघं चिखलात उभी राहून हसत होती. असलं हसू देवाला आवडत नाही म्हणतात. खरं असेल.

“आता नावंत कशाला येळवस?” ती म्हणाली. “खाली करू. रानात.”

तळ्याचं पाणी हटलं की उघड्या पडलेल्या जमिनीत लोक पेरतात. त्याला गाळपेर म्हणतात. जमीन सरकारची; एका हंगामापुरती ती धरणग्रस्तांना वाटून देतात आणि मूळ ज्याचं रान त्याचा हक्क पहिला. किशनरावाला हे ठाऊक होतं. तो धुतलेलं धोतर नेसून अर्ज द्यायला गेला. धरणाच्या कचेरीतल्या साहेबांनी यादी पाहिली, मग दुसरी पाहिली, मग लातूरहून आलेला कागद काढला.

“तुम्हाला नाही मिळणार.”

“रान माझं हाय साहेब. इहीर माझ्या बापानं खंदली.”

“तुम्ही मच्छीमारांत आहात. नाव घेतली, छत घेतलं. ही तुमची सही. शेतीशी संबंध नाही म्हणून लिहून दिलंय तुम्हीच.”

“ते छतासाठी दिलं, साहेब.”

“कशासाठी का असेना. एका माणसाला दोन्हीकडून नाही देता येत. बाकीचे काय खातील?”

साहेब चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. ते समजावून सांगत होते आणि किशनरावाला त्यांचं म्हणणं समजत होतं. किशनराव कचेरीबाहेर आला आणि लिंबाखाली नुसता बसून राहिला. छत तट्ट्याचं केलं असतं तर फुकटात झालं असतं. फारम लागला नसता, सही लागली नसती. बायको पहिल्याच दिवशी सांगत होती.

आठ दिवस त्यानं तिला सांगितलं नाही. ती हरभऱ्याचं बी निवडत बसायची आणि तो उठून बाहेर जायचा. नवव्या दिवशी रानात दुसऱ्याचे बैल उतरले तेव्हा सांगावंच लागलं.

चतुराबाईनं ऐकून घेतलं. सूप बाजूला ठेवलं.

“कुण्या छतासाठी?” तिनं विचारलं.

“त्याच. तुझ्या डोक्यावर माठ ठेवून मापलं ते.”

तिनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. निवडलेला हरभरा पुन्हा डब्यात भरला आणि त्या दिवशी भाजी न करता नुसती भाकरी थापली.

रान मिळालं ते अण्णारावाला. तो पलीकडच्या काठचा, नांदेड जिल्ह्यातल्या गावचा. पण त्याचंही रान याच तळ्यात गेलेलं आणि ते ऐन खड्ड्यात असल्यानं अजून पाण्याखालीच. सरळ माणूस. पहिल्याच दिवशी किशनरावाकडं आला, दारात उभा राहिला.

“म्या मागितलं न्हाई हो तुमचं रान. चिठ्ठी निघाली. न्हाई म्हणलं असतं तर तिसऱ्याला गेलं असतं.”

“तुमचा काय दोष,” किशनराव म्हणाला. “पेरा. वल हाय तवर पेरा.”

अण्णारावानं हरभरा पेरला, करडई पेरली. मोकळ्या आभाळाखाली, त्या दुष्काळात, सगळ्या शिवारात तेवढंच हिरवं दिसायचं.

अवसेच्या आदल्या दिवशी अण्णाराव पुन्हा आला. “उद्या येळवस. दोघांनी बी जेवायला यायचं.” आणि मग खाली बघत म्हणाला, “तुमी न्हाई आलाव तर मला घास जायचा न्हाई.”

किशनराव आतल्या आवाजाची वाट बघत राहिला. अंगात कसकस आहे, असा आवाज येईल म्हणून. पण चतुराबाई दारात आली आणि म्हणाली, “येताव की. न्हाई कामून म्हणावं.”

दुसऱ्या दिवशी तिनं लग्नातलं इरकल नेसलं. रानात वीस-पंचवीस माणसं जमली होती. बांधाच्या अलीकडं कोप उभी होती, आत पाच दगड. चतुराबाई सरळ कोपीत गेली, पांडवांपुढं डोकं टेकलं, आणि बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा इतका मोकळा होता, की किशनरावाला वाटलं, झालं, काय व्हायचं ते होऊन गेलं, आता सोसेल. अण्णारावानं आंबील शिंपडली, हाळी दिली. सगळ्यांनी मागून आवाज दिला. किशनरावानंही दिला.

पंगत बसली. किशनराव पोत्यावर बसला. आणि बघतो तर चतुराबाई बसलेलीच नाही. तिनं पदर कमरेला खोचला होता, भज्जीची बादली उचलली होती आणि ती वाढत निघाली होती. कुणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं या रानात, या दिवशी, ती हेच करत आली होती. सगळं गाव जेवल्याबिगर तिनं इथं कधी घास घेतला नव्हता.

“घ्या, लाजू नका. पोटभर खावा. आपलंच रान हाय,” ती म्हणत होती. एकाला, दुसऱ्याला, तिसऱ्याला. तिला कळतच नव्हतं आपण काय म्हणतोय ते. जेवणाऱ्यांच्या माना खाली गेल्या.

अण्णारावाची बायको नीलाबाई लगबगीनं आली. बिचारीच्या मनात काही नव्हतं, मायाच होती. तिनं बादलीच्या कडीला हात घातला.

“आवो मावशी, तुमी कामून? तुमी पाव्हण्या. बसा बरं. म्या हाय ना वाढायला.”

चतुराबाईनं बादली लगेच सोडली नाही. दोघींचे हात कडीवर होते. तिनं आधी नीलाबाईकडं पाहिलं, मग पंगतीकडं, मग त्या हिरव्या हरभऱ्याकडं, आणि शेवटी किशनरावाकडं. तो तरी काय करणार होता! तो पोत्यावर थोडा सरकला आणि शेजारी हातभर जागा केली.

ती येऊन तिथं बसली. खोचलेला पदर सोडला. नीलाबाईनं तिला पहिल्यांदा वाढलं, पाहुणीला वाढतात तसं, नको नको म्हणत असताना दुप्पट. चतुराबाईनं सगळं खाल्लं. ताटात शीत ठेवलं नाही. घरधनी आणि घरधनीण सगळ्यांच्या शेवटी जेवले. रीतीत कुठंही काही चुकलं नाही.

निघताना नीलाबाईनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत मूठभर हरभऱ्याची कोवळी भाजी घातली आणि म्हणाली, “फुडल्या येळवशीला बी या बरं का, मावशी.”

“येऊ की,” चतुराबाई म्हणाली.

बांध ओलांडून दोघं बरंच पुढं आली. मग ती थांबली.

“फुडल्या साली बी हे रान असंच उघडं राहील?”

“पाऊस न्हाई आला तर राहील.”

“आन आला तर?”

“आला तर बुडंल.”

तिनं मान हलवली आणि ती पुढं चालू लागली. किशनराव मात्र तिथंच थांबला. वर आभाळ निळंशार होतं, ढगाचं बोट नव्हतं. आयुष्यभर त्यानं वर बघून एकच गोष्ट मागितली होती. त्याच्या बापानं, आज्यानं तीच मागितली होती. त्यानं सवयीनं हात जोडले आणि त्याला पाऊस मागवेना, नको असंही म्हणवेना. जोडलेले हात तसेच घेऊन तो उभा राहिला, आणि रान बुडालं त्या दिवशीही जो रडला नव्हता, तो तळ्याच्या कोरड्या भेगांत खाली बसून रडायला लागला.